किल्ल्यावरची मोहरी कशानं सुकली?

“दादा, ती बॅग आधी खाली ठेव!” वेदिका दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. “धनत्रयोदशीच्या दिवशी कुणी घर सोडून जातं का?”

“जातं. मी चाललोय!” ऋषभदादा म्हणाला आणि त्यानं एक शर्ट घडी न घालताच बॅगेत कोंबला. “रात्रीच्या गाडीनं अमरावती. जनरलच्या डब्यात उभा राहून जाईन, पण इथं नाही राहणार.”

“यार दादा, मत जाओ ना!” अनीशचा आवाज रडवेला झाला.

दहा वर्षांचा अनीश लखनौतच जन्मलेला. मराठी सगळं कळायचं त्याला, पण बोलायची वेळ आली की स्वारी हटकून हिंदीत शिरायची. वेदिका त्याची मोठी बहीण, आठवीतली. आणि ऋषभदादा त्यांचा सख्खा चुलतभाऊ. कॉलेजसाठी जुलैत अमरावतीहून इथं गोमती नगरातल्या घरी राहायला आला, तेव्हापासून या दोघांचं पान त्याच्यावाचून हलत नव्हतं.

आणि आज सकाळी बाबांनी त्याच्यावर नाही नाही ते आरोप केले होते.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी बाबांनी गाडीत पेट्रोल भरलं. एरवी अर्ध्या टाकीच्या वर ते कधी जात नाहीत, पण दिवाळीत पंपावर रांगा लागतील म्हणून या वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. सकाळी ऑफिसला निघताना गाडीत बसले, तर काटा घसरलेला! बाबांनी वाकून गाडीखाली बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत! मग काय, बाबांचा पारा चढला. दादाला नुकतंच लायसन्स मिळालेलं, गाडीची किल्ली हॉलमधल्या खुंटीवर. दोनात दोन मिळवून बाबा मोकळे झाले!

“रात्री गाडी कुठं फिरवलीस, ऋषभ?”

“काका, मी हातसुद्धा लावला नाही. किलोमीटरचा आकडा बघा ना!”

“कालचा आकडा काय मी पाठ करून ठेवलाय? पेट्रोल आपोआप उडून गेलं का? वर तोंड करून खोटं बोलतोस?”

तेवढ्यावरही थांबले नाहीत. अमरावतीला फोन लावून अण्णांना, म्हणजे दादाच्या वडिलांना सांगून टाकलं, की तुमचा मुलगा न विचारता गाडी नेतो आणि वर खोटंही बोलतो. फोनवर अण्णा काय म्हणाले कुणास ठाऊक, पण दादाचा चेहरा पार उतरला. तेव्हापासून तो बॅग भरत होता.

“मी सांगते, दादानं गाडी नेलेली नाही!” कोपऱ्यात बसलेली ऋता ठासून म्हणाली. ऋता म्हणजे चंदूकाकांची मुलगी, वेदिकाच्याच वयाची. चंदूकाका अमौसीच्या विमानतळावर विमानांची देखभाल करायचे, राहायचे सरोजिनी नगरला, आणि बाबांचे जिवलग मित्र. सुट्टी लागली की ऋता आपली बॅग उचलून वेदिकाकडे मुक्कामाला यायची. “रात्री आम्ही तिघं बारीक आवाजात पत्ते खेळत हॉलमध्येच होतो की! किल्ली आमच्या डोक्यावर टांगलेली. दादा तिकडे फिरकलासुद्धा नाही!”

“मग हे बाबांना सांगितलंस का?” वेदिकानं विचारलं.

“सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तिघं त्याचेच वकील!”

दादानं बॅगेची चेन ओढली. “जाऊ दे गं. ज्याला आपलं खरं वाटत नाही, त्याच्या घरात जेवायचं कसं?”

वेदिका एकदम म्हणाली, “दादा, तुझी गाडी रात्रीची आहे ना? मग संध्याकाळपर्यंत वेळ दे आम्हाला. पेट्रोल कुठं गेलं ते आम्ही शोधून काढतो!”

“तुम्ही? कसं?”

ते वेदिकालाही माहीत नव्हतं! पण ती तरातरा जिना उतरून खाली निघालीसुद्धा, आणि मागोमाग ऋता आणि अनीश.

खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती आणि गाडीच्या मागे, भिंतीच्या कडेला, मुलांचा किल्ला! लखनौत दिवाळीला घरोघर किल्ला करायची पद्धत नाही, त्यामुळे बिल्डिंगमधले लोक येता-जाता थबकायचे. “अरे वाह, क्या पहाड़ बनाया है!” असं कुणी म्हणालं की अनीश खवळायचा. “पहाड़ नहीं आंटी, किला है! शिवाजी महाराज का!” बुरूज होते, दगडी पायऱ्या होत्या, पायथ्याला तळं होतं, आणि सगळ्या उतारावर मोहरी पेरून आणलेली कोवळी हिरवीगार झाडी.

अनीश किल्ल्यापाशी पोचला आणि किंचाळला.

“दीदी! ये देखो! जंगल मर गया!”

खरंच! किल्ल्याची उजवी बाजू कालसारखीच हिरवी होती. पण गाडीकडच्या डाव्या बाजूची मोहरी खालच्या अंगाला माना टाकून आडवी झाली होती. जणू कुणी उकळतं पाणी ओतलं होतं!

“काल संध्याकाळी तर ताजी होती. मी स्वतः पाणी शिंपडलं!” वेदिका म्हणाली.

ऋतानं खाली बसून चिमूटभर माती नाकाशी नेली, आणि ती ताडकन उभी राहिली. “पेट्रोल!”

“अगं, रंगाचा वास असेल. काल गेटला ऑइल पेंट लावत होते ना!”

“काल लावत होते. आज पेंटर सुट्टीवर आहे आणि गेट वाळलंय. शिवाय रंग गेटला लावला, किल्ल्याला नाही!”

वेदिकानं माती हुंगली. शंकाच नको, पेट्रोलच! कालपासून सगळी बिल्डिंग नाकाला रुमाल लावून “पेंटची महक” म्हणत होती, आणि त्या महकेत पेट्रोलचा वास बिनबोभाट खपून गेला होता. तिनं पाहिलं, पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून भिंतीकडे उतरती केलेली होती. गाडीची शेपटी उताराकडे. आणि उताराच्या टोकाला किल्ला.

“म्हणजे रात्री गाडीतून पेट्रोल गळलं, वाहत इथं आलं, आणि किल्ल्याच्या मातीनं शोषून घेतलं,” ती सावकाश म्हणाली. “फरशीवरचं उडून गेलं, म्हणून बाबांना सकाळी फरशी कोरडी दिसली.”

“आणि संध्याकाळी आपण या किल्ल्यावर पणत्या लावणार होतो!” ऋता कुजबुजली.

वेदिकानं किल्ल्यावर मांडून ठेवलेल्या पणत्या भराभर गोळा केल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवल्या.

“पण दीदी, अब तो कुछ टपक नहीं रहा,” अनीश म्हणाला. “रात को लीक, सुबह बंद?”

हाच तर पेच होता!

“माझे पप्पा म्हणतात, बिघाड शोधायचा असेल तर शेवटी ज्याला हात लावला तिथून सुरुवात करायची,” ऋता म्हणाली. “शेवटी कशाला हात लागला?”

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटचा हात लागला होता रविवारी, आणि तो लावला होता खुद्द बाबांनी आणि चंदूकाकांनी!

आता बाबा म्हणजे रेल्वेतले इंजिनियर, आणि चंदूकाका विमानांचे. गाडीचा पेट्रोलचा पंप बिघडला तेव्हा आई म्हणाली होती, “मेकॅनिककडे द्या की सरळ.” तर दोघांच्या अशा काही भुवया चढल्या! “अख्खं रेल्वे इंजिन सांभाळणारा माणूस एक पंप बदलायला मेकॅनिककडे जाणार?” “आणि मी? मी तर विमान उडवून देतो, प्रतिमावहिनी!” मग रविवारी दोघांनी बाह्या सरसावल्या. मागची सीट काढली, तिच्याखालचं झाकण उघडलं, टाकीतला पंप बदलला, फिल्टर बदलला, दोन पाइप बदलले. मध्ये चकलीचा पहिला घाणा उतरला म्हणून वर जाऊन चहा-चकली झाली, परत खाली येऊन उरलेलं काम झालं. गाडी सुरू झाल्यावर दोघांनी असे हात मिळवले, की जणू रॉकेट सोडलं!

“गाडीखाली बघायला हवं,” वेदिका म्हणाली. “खाली नाही शिरायचं हं. बाहेरूनच. आणि मोबाइलचा टॉर्चसुद्धा नको, उगाच विषाची परीक्षा कशाला!”

“मग अंधारात दिसणार कसं?”

“आरसा!” ऋतानं चुटकी वाजवली.

अनीश धूम पळाला आणि आईचा छोटा आरसा घेऊन आला. पार्किंगच्या तोंडाशी ऊन आलं होतं. ऋतानं उन्हात आरसा धरला आणि उन्हाचा कवडसा बरोबर गाडीच्या पोटाखाली सोडला. वेदिका लांबूनच पालथी पडून बघू लागली.

“डावीकडे घे... अजून... थांब! पाइपांवर धूळ आहे. फिल्टरवर धूळ आहे. आता टाकी. टाकीवरपण धूळ... अरेच्चा!”

“क्या हुआ? क्या हुआ?”

“टाकीच्या बाजूनं वरून खालपर्यंत एक पट्टा स्वच्छ धुतल्यासारखा आहे! बाकी सगळी धुळीनं माखलेली आणि मध्येच हा पट्टा!”

म्हणजे गळती पाइपात नव्हती, फिल्टरमध्ये नव्हती. पेट्रोल वरून आलं होतं, टाकीच्या माथ्यावरून! आणि टाकीच्या माथ्यावर होतं पंपाचं तोंड.

“पण मग थांबलं कसं?” ऋतानं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

अनीशनं डोकं खाजवलं. मग एकाएकी तो हसायला लागला. “अरे! मेरी पानी की बोतल! याद है दीदी? उसका ढक्कन ढीला था. पूरी भरके बैग में लिटाओ तो सारी कॉपियाँ गीली. आधी भरो तो कुछ नहीं!”

वेदिका त्याच्याकडे बघतच राहिली. “अन्या, तू जीनियस आहेस!”

“मालूम है,” अनीश कॉलर ताठ करत म्हणाला.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता! तोंड टाकीच्या माथ्यावर. टाकी अर्धी असली तर पेट्रोल तोंडापर्यंत पोचतच नाही. रविवारी टाकी अर्धी होती, म्हणून गाडी छान चालली. काल पहिल्यांदाच गळ्यापर्यंत भरली, उतारावर उभी केली, आणि तोंडाशी कुठं तरी फट असेल तिथून पेट्रोल बाहेर यायला लागलं. पातळी तोंडाच्या खाली गेली आणि गळती आपोआप थांबली!

त्यांनी तिथूनच बाबांना फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसले. “वेदू, दोन इंजिनियरांनी बसवलेला पंप आहे तो! गळती? नाव काढू नका! आणि त्या ऋषभला वाचवायला काहीही शोधून काढू नका. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन येतोच आहे.”

फोन ठेवल्यावर ऋता चिडून म्हणाली, “मोठ्या माणसांना आपली चूक दिसावी म्हणून काय करायचं, दवंडी पिटायची?”

“नाही,” वेदिकाच्या डोळ्यांत चमक आली. “त्यांच्याच हातून प्रयोग करून घ्यायचा!”

सकाळी गाडी तशीच सोडून स्कूटरनं गेलेले बाबा दुपारी आले, तर वेदिका शहाण्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी.

“बाबा, तुम्हाला पुरावा हवाय ना? मग आपण सायन्सनं करू. तुम्ही टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून आणा. गाडी तिच्या जागेवर लावा. किल्ली तुमच्या खिशात. दादा संध्याकाळपर्यंत आमच्यासमोर जिन्यात बसेल. मग काटा बघा. काटा हलला नाही, तर दादानंच काल गाडी नेली!”

“आणि हलला तर?”

“हलणार कसा? दोन इंजिनियरांनी बसवलेला पंप आहे!” वेदिका निरागसपणे म्हणाली.

बाबा खूश झाले. “शाब्बास! याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी! रेल्वेत चमकशील!”

बाबांनी टाकी भरून आणली, गाडी शेपटी भिंतीकडे करून जागेवर लावली, किल्ली खिशात घातली आणि वर जाऊन झकास ताणून दिली. इकडे इंजिन पुरतं गार झाल्यावर वेदिकानं रांगोळीचा डबा आणला. गाडीखाली, टाकीच्या बरोबर खालच्या जागी, हात लांब करून तिनं पांढऱ्याशुभ्र रांगोळीचा चौकोन भरला.

“गाड़ी की भी रंगोली?” पहिल्या मजल्यावरच्या नीलम आंटी जाता-जाता कौतुकानं म्हणाल्या. “तुम मराठी लोग तो कमाल हो!”

मग चौघं जिन्यात, लांब, उंचावर जाऊन बसली. दादाला ओढतच आणावं लागलं होतं. बॅग त्यानं शेजारीच ठेवली होती, पट्टा मनगटाला गुंडाळून.

पहिला बराच वेळ काहीच झालं नाही. रांगोळी पांढरी ती पांढरीच! अनीश जांभया द्यायला लागला. दादा म्हणाला, “राहू दे गं, वेदू. तुम्ही केलंत तेवढं खूप झालं.” वेदिकाला वाटलं, आपण चुकलो तर? आपणच बाबांच्या हातात दादाविरुद्ध पुरावा दिला तर?

“ए... ए... देखो!” अनीश उभा राहिला.

रांगोळीवर एक करडा ठिपका उमटला होता. बघता बघता त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मग ठिपक्यांचं मोठं ओलं वर्तुळ झालं, आणि त्यातून एक बारीक ओघळ निघून उतारावरून सरळ किल्ल्याकडे धावला!

“गळतंय!” ऋता ओरडली. “गळतंय! दादा, तू सुटलास!”

अनीश नाचायलाच लागला. पण वेदिकाचं लक्ष भलतीकडेच गेलं आणि तिची पाचावर धारण बसली. पार्किंगच्या त्या टोकाकडून नीलम आंटी येत होत्या. हातात थाळी, आणि थाळीत पेटलेले दिवे! धनतेरसचा दिवा दाराशी लावून झाला, तर एक दिवा मुलांच्या किल्ल्यालाही ठेवावा असं त्या बिचाऱ्यांच्या प्रेमळ मनात आलं होतं. त्या हसत हसत थेट किल्ल्याच्याच रोखानं येत होत्या.

“आंटी, रुकिए!” वेदिका जिवाच्या आकांतानं किंचाळली. “आगे मत आइए! पेट्रोल है!”

“क्या बेटा?” आंटी आणखी दोन पावलं पुढं आल्या.

मनगटावरचा पट्टा झटकून दादानं तीन-तीन पायऱ्या एकदम ओलांडल्या. गाडीच्या अलीकडूनच वळसा घालून तो आंटींसमोर गेला, थाळीवर दोन्ही हात दाबले आणि एकामागून एक सगळ्या ज्योती तळहातानं विझवल्या! आंटी “हाय राम!” म्हणून जागीच थिजल्या. दादानं त्यांना दंडाला धरून मागं, पार रस्त्यापर्यंत नेलं.

“ऋता, फाटकातल्या वॉचमनभैयाला सांग, कुणालाही आत सोडू नको, बिडी-काडी, फटाके, काही नाही!” वेदिका ओरडली. “अन्या, चल!” भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्या दोघांनी उतरवल्या आणि गाडीपासून किल्ल्यापर्यंतच्या ओघळावर वाळू पसरून टाकली.

हा आरडाओरडा ऐकून बाबा धाडधाड खाली आले. त्याच वेळी लेकीला फराळ द्यायला आलेले चंदूकाका फाटकातून आत शिरले, आणि त्यांच्या मागे बँकेतून परतलेली आई. बाबांनी ओली रांगोळी पाहिली, वाळू पाहिली, विझलेल्या दिव्यांची थाळी पाहिली. त्यांची बोबडीच वळली. खिशातून किल्ली काढत ते म्हणाले, “गाडी... गाडी आधी बाहेर काढतो...”

“बाबा, किल्ली नको!” वेदिकानं त्यांचा हात धरला. “इंजिन सुरू करायचं नाही. एक ठिणगी पडली तर?”

“ढकला!” ऋतानं हुकूम सोडला. “पप्पा, मागे पेट्रोल सांडलंय, तिकडून नको, बाजूनं ढकला!”

दोन इंजिनियर निमूटपणे गाडीला खांदा लावून उभे राहिले. दादाही आला. त्यानं बाबांच्या शेजारी खांदा लावला. गाडी हळूहळू सपाट मोकळ्या मैदानात गेली, वाऱ्यावर, सगळ्यांपासून लांब.

सपाटीवर गळती थांबली. बराच वेळ सगळी दारं उघडी टाकून वास उडून गेल्यावर चंदूकाकांनी मागची सीट उचलली आणि झाकण काढलं. पंपाच्या तोंडाभोवती पेट्रोल चकाकत होतं. कडेला फट बुजवायची काळी रबरी रिंग डोकावत होती. फुगलेली, एका जागी चिरलेली.

“ही तर जुनी रिंग!” चंदूकाका बाबांना म्हणाले. “नंदू, तू नवी रिंग घातली नाहीस?”

“मी? मी पंप आत सोडला आणि आपण चहाला गेलो. परत आल्यावर झाकण तू आवळलंस. मला वाटलं रिंग तू बदललीस!”

“आणि मला वाटलं, तू! तू एवढा रेल्वेचा माणूस, मी कशाला तपासू?”

“तू एवढा विमानाचा माणूस, मी तरी कशाला तपासू?”

“पप्पा, विमानात जुनी रिंग परत लावतात का हो?” ऋतानं विचारलं.

“छे! नोकरी जाईल! एकानं लावायचं, दुसऱ्यानं तपासायचं, असा नियमच आहे.”

“मग गाडीला का नाही?”

चंदूकाका फुगलेली रिंग उलटसुलट करून बघू लागले.

“पण मग नवी रिंग गेली कुठं?” आईनं विचारलं.

अनीश हळूच पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. “वो... काली वाली, गोल? नई? वो तो तालाब में है.”

“कशात?”

“किले के तालाब की बाउंड्री! बाबा, उस दिन डिब्बे में पड़ी थी. मैंने पूछा था, ये ले लूँ? आप दोनों ने बोला, हाँ-हाँ, ले जा!”

आईला असं हसू फुटलं की तिला गाडीपासून लांब जाऊन बसावं लागलं. नवी कोरी रिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठाला ऐटीत बसली होती, आणि दोन इंजिनियर एकमेकांच्या भरवशावर चकल्या खात होते!

बाबा मात्र हसले नाहीत. ते दादासमोर जाऊन उभे राहिले. दादाचे तळहात ज्योतींनी लाल झाले होते.

“ऋषभ, मी चुकलो,” ते म्हणाले. “तू खरं बोलत होतास.”

दादानं मान खाली घातली. “काका, गाडीचं काही नाही हो. पण ‘गाडी नेलीस का’ असं तुम्ही सकाळी मला विचारलंच नाहीत. सरळ सांगून टाकलंत, की मी खोटारडा आहे. तेच फार लागलं.”

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांसमोर अमरावतीला लावला. “अण्णा, नंदू बोलतोय. सकाळी मी जे बोललो ते साफ चूक होतं. ऋषभनं गाडीला हात लावलेला नाही. उलट आज त्यानं स्वतःचे हात भाजून घेऊन एका बाईचा जीव वाचवला, आणि आमच्या बिल्डिंगचाही. गाढवपणा सगळा माझा आहे.”

पलीकडून अण्णांचा घोगरा आवाज आला, “मला वाटलंच होतं रे. माझा ऋषभ खोटं बोलत नाही. दे त्याला फोन.”

दादा फोन घेऊन बाजूला गेला. तो परत आला तेव्हा जिन्यातली बॅग बाबांच्या खांद्यावर होती.

“कुठं नेताय, काका?”

“तुझ्या खोलीत. माझ्यानं शर्टांच्या घड्या नाही व्हायच्या, तेवढं तू कर.”

आईनं दादाच्या तळहातांवर मलम लावलं, आणि लगेच फर्मान काढलं, “पाडवा झाला की गाडी टाकीसकट मेकॅनिककडे! तोवर या दोन साहेबांनी तिला बोटसुद्धा लावायचं नाही!”

किल्ल्याचं मात्र वाईट झालं. पेट्रोल प्यायलेली माती पार्किंगमध्ये ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून मुलांनी आपल्याच हातानं किल्ला मोडला आणि सगळी माती फावड्यानं मैदानात नेऊन पसरली. शेवटचा बुरूज पाडताना अनीश हमसून हमसून रडला. नीलम आंटींनी त्याला पोटाशी धरलं. “रोते नहीं बेटा. आज तुम बच्चे न होते तो मैं...” त्यांनी चौघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. बिल्डिंगमधले सगळे गोळा झाले होते. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी बर्फी भरवली, आणि चंदूकाका तर जो भेटेल त्याला सांगत सुटले, “रांगोळीनं गळती पकडली पोरांनी! आमच्याकडेसुद्धा कुणाला सुचलं नसतं!”

नरकचतुर्दशीच्या सकाळी मुलांकडची अभ्यंगस्नानं उरकल्यावर नीलम आंटी मिठाईचं ताट घेऊन खाली आल्या, तर पार्किंगबाहेरच्या उन्हात वेगळंच दृश्य! बाबा आणि चंदूकाका गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत चिखलात हात घालून माती कालवत होते. समोर खुर्च्या टाकून ऋषभदादा, वेदिका, ऋता आणि अनीश बसले होते.

“बाबा, बुरूज तिरपा होतोय!” वेदिका ओरडली.

“चाचाजी, पायरी उखड़ गई! दोबारा बनाइए!” अनीशनं दम भरला.

“भाईसाहब, ये क्या?” आंटींनी चकित होऊन विचारलं. “आप इंजीनियर लोग...”

बाबांनी चिखलाच्या हातानंच कपाळावरचा घाम पुसला आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

“इंजीनियर वहाँ बैठे हैं, जी. हम तो मज़दूर हैं!”

दादा खुर्चीतून उठला, बाह्या सरसावल्या आणि बाबांशेजारी चिखलात येऊन बसला.